अमेरिकेत मुलाला शाळेत घातलंत? आता हे कागद नीट वाचा

पुण्या-नागपूरहून न्यू जर्सीत आलेलं कुटुंब पहिले दोन महिने घर, गाडी आणि मुलांची शाळा यांतच बुडालेलं असतं. शाळेत नाव दाखल होतं आणि ऑगस्टअखेर पालकांच्या पोर्टलवर कागदांचा गठ्ठा येऊन पडतो. प्रत्येक कागदाखाली एक चौकोन: वाचलं, मान्य आहे. दिवसभराच्या दमणुकीनंतर रात्री अकराला आपण एकामागून एक खुणा करून मोकळे होतो. आम्हीही तेच केलं. एक कागद तर उघडलाच नाही, आणि ऑक्टोबरात आमच्या मुलीचा हसरा फोटो नावासकट शाळेच्या फेसबुक पानावर दिसला. आम्ही ‘नको’ म्हटलं नव्हतं, म्हणजे इथल्या नियमाप्रमाणे ‘चालेल’ म्हटलं होतं.

त्यानंतर मी ते सगळे कागद काढून वाचले. आता आमच्या इथल्या मराठी मंडळात कुणी नवीन आलं की त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून तेच कागद त्यांच्याबरोबर पुन्हा वाचते. खाली आहे ते अशा बैठकांमधून जमलेलं. उदाहरणं न्यू जर्सीची आहेत. फेडरल कायदे सगळ्या राज्यांना सारखे, पण राज्याचे नियम टेक्सासला वेगळे, कॅलिफोर्नियाला वेगळे. तेवढं आपापल्या ठिकाणी तपासून घ्या.

पायरी १: नियम कुठे लिहिलेत ते आधी शोधा

आपल्या डोक्यात ‘बोर्ड’ म्हणजे एसएससी नाहीतर सीबीएसई. इथे बोर्ड ऑफ एज्युकेशन म्हणजे आपल्याच गावातले, बहुतेक ठिकाणी निवडून आलेले लोक. गावाचा, किंवा दोन-तीन गावांचा मिळून एक स्कूल डिस्ट्रिक्ट असतो, त्याचा रोजचा कारभार सुपरिटेंडेंट बघतो आणि धोरणं बोर्ड मंजूर करतं. ही धोरणं डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर ‘पॉलिसीज’ म्हणून सर्वांना खुली असतात.

न्यू जर्सीतल्या बऱ्याच डिस्ट्रिक्टांमध्ये त्यांना एकच क्रमांकपद्धत आहे. २६२२ म्हणजे विद्यार्थ्यांचं मूल्यमापन, ८३३० म्हणजे विद्यार्थ्यांचं रेकॉर्ड, २३६१ म्हणजे कॉम्प्युटर आणि इंटरनेटचा वापर. पुष्कळदा एकाच क्रमांकाचे दोन कागद असतात. ‘पॉलिसी’त काय करायचं ते असतं, ‘रेग्युलेशन’मध्ये कसं, किती दिवसांत आणि कुणी, ते असतं. आपल्या कामाचा बहुधा दुसरा असतो. हे तीन क्रमांक डाउनलोड करून फोनमध्ये ठेवा. शाळेशी बोलताना ‘पॉलिसी ८३३० प्रमाणे’ एवढे शब्द आले की संभाषणाचा सूर लगेच बदलतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

बोर्डाच्या सभा खुल्या असतात आणि त्यात लोकांना बोलायला वेळ राखून ठेवलेला असतो. एकदा तरी जाऊन मागच्या रांगेत बसा.

पायरी २: नाव, तारीख आणि घरची भाषा

पुढची बरीच डोकेदुखी दाखल्याच्या दिवशीच सुरू होते.

पहिलं नाव. आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा मुलाच्या नावाला जोडून वडिलांचं नाव ‘गिव्हन नेम’च्याच रकान्यात असतं. समजा मुलगा ओंकार, वडील संजय. शाळेच्या सिस्टिममध्ये त्याचं पहिलं नाव ‘ओंकार संजय’ पडतं. मग बाई वर्गात हाक मारतात ‘संजय’, शाळेचा ईमेल आयडी तसाच तयार होतो, आणि राज्याच्या परीक्षेच्या निकालावर तिसराच काहीतरी प्रकार उमटतो. कायदेशीर नाव पासपोर्टप्रमाणेच राहू द्या, पण ‘प्रेफर्ड नेम’चा रकाना असेल तर तो भरा आणि वडिलांचं नाव मधल्या नावात टाकता येईल का, ते त्याच दिवशी विचारा.

दुसरं, तारखा. इथे महिना आधी, दिवस नंतर. आमच्या मुलीच्या लसीकरणाच्या कार्डावर एक डोस १०/१/२०१८ आणि पुढचा ७/३/२०१८ असा लिहिलेला होता. म्हणजे जानेवारी आणि मार्च. शाळेच्या नर्सबाईंनी वाचलं ऑक्टोबर आणि जुलै. त्यांच्या हिशेबाने दुसरा डोस पहिल्याच्या आधी दिलेला, म्हणजे दोन्ही बाद! पुन्हा टोचायचा निरोप आला, पुण्याच्या डॉक्टरांकडून महिना अक्षरी लिहून मागवला, आणि सगळं नोंदीत दुरुस्त होईपर्यंत फेब्रुवारी उजाडला. तुम्ही भारतातून निघण्यापूर्वीच डॉक्टरांच्या लेटरहेडवर, महिने अक्षरी लिहून, सहीशिक्क्यानिशी यादी करून घ्या. सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि शेवटच्या दोन वर्षांची प्रगतीपुस्तकं. ती मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतर जोडा.

तिसरं, सोशल सिक्युरिटी नंबर. फॉर्मवर रकाना असला तरी तो दिला नाही म्हणून सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. व्हिसाच्या स्थितीवरूनही नाकारू शकत नाही. सुप्रीम कोर्टाने १९८२ साली ‘प्लायलर विरुद्ध डो’ खटल्यात ते स्पष्ट केलंय. मी तो रकाना रिकामाच ठेवायला सांगते. डिसेंबर २०२४ मध्ये देशभरच्या शाळा वापरत असलेल्या पॉवरस्कूल ह्या सिस्टिममधून विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची माहिती चोरीला गेली, आणि काही जणांचे सोशल सिक्युरिटी नंबरही त्यात होते. जे दिलंच नाही ते चोरीला जात नाही.

चौथा कागद ‘होम लँग्वेज सर्व्हे’. घरात कोणती भाषा बोलता? इथे आपले लोक चाचरतात. ‘मराठी लिहिलं तर पोराला ईएसएलमध्ये (इंग्रजी शिकणाऱ्यांच्या जादा वर्गात) टाकतील, इंग्रजीच लिहू या’ असा सल्ला व्हॉट्सॲपवर सर्रास फिरतो. कृपा करून खोटं लिहू नका. मराठी लिहिलं तर मुलाची एक छोटी इंग्रजी चाचणी होते, एवढंच. ती त्याने सहज पार केली तर विषय संपला. नाही केली तर त्याला इंग्रजीची जादा मदत मिळते, आणि पहिल्या वर्षी वर्गात गप्प बसून राहणाऱ्या मुलासाठी ती मदत लाखमोलाची असते. निकाल आणि निर्णय पालकांना शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत कळवायचा असतो. वर्षाच्या मध्ये आलात तर वर्ग ठरल्यापासून दोन आठवड्यांत. ती मदत नको असं तुम्ही लेखी कळवू शकता, पण इंग्रजीत पारंगत ठरेपर्यंत वार्षिक परीक्षा तरीही द्यावीच लागते. न्यू जर्सीत ती विडा संस्थेची ‘ॲक्सेस’ परीक्षा असते. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं ह्या चार भागांत १ ते ६ अशी पातळी मिळते.

पायरी ३: निकाल वाचायला शिका

मागच्या हिवाळ्यात एका वहिनींचा फोन आला. आवाज रडवेला. ‘अहो, नाशिकला वर्गात पहिल्या तिनात असायचा, इथे गणितात ६८ आलेत.’ कागद बघायला मागितला. मॅप परीक्षा होती आणि तो आकडा पर्सेंटाइल होता. म्हणजे देशभरातल्या त्याच इयत्तेच्या शंभर मुलांपैकी साधारण ६८ जणांच्या तो पुढे होता, तेही येऊन दहा आठवडे झालेले असताना. वहिनी काही क्षण गप्प झाल्या, आणि मग त्यांनी मागे वळून त्या पोराला हाक मारली.

टक्के आणि पर्सेंटाइल यांतला हा गोंधळ जवळपास प्रत्येक घरात होतो, म्हणून इथे थोडं थांबते. शाळेतली मूल्यमापनं तीन थरांत असतात आणि तिन्हींची भाषा वेगळी आहे.

पहिला थर वर्गातला. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा आपण ‘आकारिक’ आणि ‘संकलित’ हे शब्द ऐकलेत. इथले ‘फॉर्मेटिव्ह’ आणि ‘समेटिव्ह’ ते हेच. प्राथमिक शाळेत अनेक डिस्ट्रिक्ट गुण देतच नाहीत. प्रत्येक कौशल्यापुढे १ ते ४ आकडा असतो. ३ म्हणजे ह्या इयत्तेत जे यायला हवं ते येतंय. आपण त्याचा चारातून तीन, म्हणजे पंचाहत्तर टक्के असा हिशेब मांडतो आणि मुलाला विचारतो, ‘एक कुठे गेला?’ कुठेच गेलेला नसतो. नोव्हेंबरात बहुतेक कौशल्यांत २ असणंही स्वाभाविक आहे, कारण काही शाळांत तो आकडा वर्षअखेरच्या अपेक्षेशी ताडून दिलेला असतो. तुमच्या शाळेत तो कशाशी ताडतात, हे पालकसभेत पहिलं विचारा. वर्गात कितवा आला, हे मात्र विचारू नका. तो आकडा बाईंकडे नसतोच.

दुसरा थर डिस्ट्रिक्टचा: मॅप, आय-रेडी वगैरे. मॅप बहुतेक ठिकाणी वर्षातून तीनदा होते. ती कॉम्प्युटरवर असते आणि उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकलं की सोपा. त्यामुळे हुशार मुलाचेही साधारण निम्मे प्रश्न चुकतात; परीक्षेची रचनाच तशी आहे. हे मुलाला आधी सांगून ठेवा, नाहीतर आयुष्यात पहिल्यांदाच इतकं चुकल्यासारखं वाटून ते हिरमुसतं. निकालात ‘रिट’ नावाचा आकडा असतो, उंची मोजल्यासारखा. सप्टेंबर ते जून तो किती वाढला, ते पाहा. वरच्या पातळीच्या गणिताच्या वर्गात कुणाला घालायचं, हे ठरवताना काही डिस्ट्रिक्ट हेच आकडे वापरतात. त्याचे निकष लेखी असतात, ते पाचवीच्या आत मागून घ्या. सातवीत जागे झालेले पालक मी फार पाहिलेत.

तिसरा थर राज्याच्या परीक्षेचा. २०१५ च्या ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स’ कायद्यानुसार तिसरी ते आठवी दरवर्षी आणि हायस्कूलमध्ये एकदा, वाचन-लेखन आणि गणिताची परीक्षा सगळ्या राज्यांना घ्यावी लागते. विज्ञानाची तीन टप्प्यांत एकेकदा. न्यू जर्सीत विज्ञान पाचवी, आठवी आणि अकरावीला असतं. देशात येऊन १२ महिने झाले नसतील आणि मूल इंग्रजी शिकणाऱ्यांत गणलं जात असेल, तर इंग्रजीच्या परीक्षेतून त्याला एकदा सूट देता येते. ती आपोआप मिळेल असं धरून चालू नका, फेब्रुवारीत ईएसएलच्या बाईंना विचारा. ह्या परीक्षेवर खालच्या इयत्तांत पास-नापास काही अवलंबून नसतं, तेव्हा तिच्यासाठी क्लास लावायची गरज मला तरी दिसत नाही.

नववीपासून मात्र लक्ष घाला. त्या चार वर्षांचे गुण ‘ट्रान्स्क्रिप्ट’वर चढतात आणि कॉलेजं तेच मागतात.

मूल मागे पडतंय आणि कारण भाषेपलीकडचं आहे असं वाटलं, तर विशेष शिक्षणाची गरज आहे का, ह्याच्या तपासणीची मागणी लेखी करा. तोंडी सांगितलं तर बाई सहानुभूतीने ऐकतील, पण मुदतीचं घड्याळ सुरू होत नाही. न्यू जर्सीत लेखी मागणी पोचली की २० दिवसांत डिस्ट्रिक्टने बैठक बोलवायची असते. इंग्रजी अडत असेल तर दुभाषा मागा. तो देणं डिस्ट्रिक्टचं काम आहे, आणि स्वतःच्याच बैठकीत मुलाला दुभाषा करून बसवणं बरं नव्हे.

पायरी ४: मुलाची फाइल बघून या

१९७४ चा ‘फर्पा’ नावाचा फेडरल कायदा पालकांना तीन हक्क देतो: मुलाचं रेकॉर्ड बघणं, चुकीचं असेल तर दुरुस्ती मागणं, आणि ते इतरांना देताना आपली संमती लागणं. मागणी केल्यापासून फेडरल कायद्यात ४५ दिवसांची मुदत आहे, न्यू जर्सीच्या नियमांत १० दिवसांची. फाइल शोधून काढायचे पैसे शाळा लावू शकत नाही, झेरॉक्सचे लावू शकते. वडील पुण्यात आणि आई इथे असली तरी हक्क दोघांनाही आहे, आणि यायला जमणं शक्यच नसेल तर शाळेने प्रत पाठवायची किंवा दुसरी सोय करायची.

मागणी साध्या ईमेलने करता येते. मुख्याध्यापक आणि गायडन्स कौन्सेलर दोघांना पाठवा. त्यात तारीख, मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता, विद्यार्थी क्रमांक, आणि फर्पाखाली संपूर्ण रेकॉर्ड बघायचं आहे एवढं एक वाक्य. मग काय काय हवंय त्याची यादी: मुख्य फाइल, परीक्षांचे निकाल, ईएसएलचे कागद, हजेरी, शिस्तीच्या नोंदी, नर्सकडची फाइल. शेवटची दोन न मागितल्यास बहुधा दाखवत नाहीत. बाईंनी स्वतःपुरतं टिपलेलं, कुणालाही न दाखवलेलं टिपण मात्र रेकॉर्डमध्ये मोडत नाही.

दुरुस्तीचंही तसंच. नाव चुकलंय, हजेरी चुकलीय, दुसऱ्याच मुलाची तक्रार आपल्या फाइलला लागलीय, हे लेखी कळवा. शाळेने नकार दिला तर सुनावणी मागता येते, आणि तिथेही नकार मिळाला तर आपलं म्हणणं त्या फाइलला कायम जोडून ठेवता येतं. बाईंनी बी का दिला, ए का नाही, हा वाद मात्र ह्या कायद्यात बसत नाही.

आता आमच्या फोटोवाल्या कागदाकडे येते. ‘डिरेक्टरी इन्फर्मेशन’ म्हणजे नाव, पत्ता, फोन, फोटो, बक्षिसं अशी माहिती. ही शाळा संमतीशिवाय देऊ शकते, जोवर पालक ठरलेल्या मुदतीत ‘नको’ कळवत नाहीत. मुदत बहुधा सप्टेंबरातच संपते. सही करण्यापूर्वी एक विचारा: ‘नको’ म्हटलं तर इयरबुकमधूनही फोटो जातो का? काही डिस्ट्रिक्टांत सगळं किंवा काहीच नाही असा मामला असतो, आणि जूनमध्ये आपलाच फोटो नाही म्हणून मूल रडत घरी येतं. हायस्कूलमध्ये आणखी एक खूण करायची असते. सैन्यभरतीवाल्यांना विद्यार्थ्यांचं नाव, पत्ता आणि फोन शाळेला द्यावा लागतो. नको असेल तर तेही लेखी कळवावं लागतं.

भारतात परतायचं ठरलं तर निघण्याच्या महिनाभर आधी ऑफिसला कळवा. शाळा सोडल्याचा दाखला ही कल्पना इथल्या सेक्रेटरींना माहीत नसते. ट्रान्सफर कार्ड, सहीशिक्क्याचं ट्रान्स्क्रिप्ट किंवा रिपोर्ट कार्ड, हजेरी, लसीकरण, आणि मूल कोणत्या तारखेपासून कोणत्या इयत्तेत होतं असं लेटरहेडवरचं पत्र. हे पाच कागद हातात घेऊनच विमानात बसा. जून संपल्यावर ऑफिसात फोन उचलायलाही कुणी सापडत नाही.

पायरी ५: शाळेचा लॅपटॉप शाळेचा असतो

शाळेने क्रोमबुक दिलं की घरात आनंद होतो, आणि आठवड्यात त्याचा घरचा कॉम्प्युटर होतो. तसं होऊ देऊ नका. ‘ॲक्सेप्टेबल यूज’च्या कागदात जवळपास सगळीकडे एक ओळ असते: ह्या यंत्रावर आणि ह्या अकाउंटवर खाजगीपणाची अपेक्षा धरू नये. बँक, व्हिसाचे कागद, आईबाबांचा ईमेल, काहीही त्यावर उघडू नका.

२००० सालच्या ‘सिपा’ कायद्यामुळे इंटरनेटसाठी फेडरल सवलत घेणाऱ्या शाळांना अश्लील आणि मुलांना घातक चित्रं अडवणारं फिल्टर लावावं लागतं. २००८ पासून ऑनलाइन कसं वागावं हे शिकवणंही त्यात आलं. पण फिल्टरच्या पुढे जाऊन अनेक डिस्ट्रिक्ट देखरेखीचं सॉफ्टवेअर वापरतात. ते मुलांनी लिहिलेले शब्द तपासतं आणि हिंसेचा किंवा आत्महत्येचा वास आला की शाळेला कळवतं. ओळखीतल्या एका मुलाने शाळेच्या अकाउंटवरून मित्राला लिहिलं, ‘माझा पेन नाही दिलास तर जीव घेईन तुझा’, आणि तेही इंग्रजीत. आपल्याकडे भावंडं दिवसातून दहा वेळा हे म्हणतात. इथे दुपारी वडिलांना ऑफिसात फोन आला आणि कौन्सेलरची भेट झाल्याशिवाय मुलाला वर्गात बसू दिलं नाही. मुलांना पहिल्याच आठवड्यात हे वाक्य घेऊन समजवा. घरचे लाडके दम इंग्रजीत उतरले की त्यांचा अर्थ बदलतो.

देखरेखीची दुसरी बाजूही आहे. २०१० साली पेनसिल्व्हेनियातल्या लोअर मेरियन डिस्ट्रिक्टने विद्यार्थ्यांना दिलेल्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून, मुलं घरी असताना, त्यांचे फोटो घेतल्याचं उघड झालं. प्रकरण ६ लाख १० हजार डॉलरांवर मिटलं. त्यानंतर २०१३ मध्ये न्यू जर्सीने कायदा केला: यंत्र मुलाच्या वापराची माहिती टिपू शकतं हे डिस्ट्रिक्टने लेखी कळवायचं आणि पालकांनी ते मिळाल्याची पोच द्यायची. गठ्ठ्यातला तो कागद शोधा. कॅमेरा, ठिकाण, घरच्या वायफायवर असतानाची देखरेख, ह्यांबद्दल त्यात काय लिहिलंय ते बघा, आणि संध्याकाळी लॅपटॉप मिटून बाहेरच्या खोलीत ठेवायची सवय लावा.

मूल १३ वर्षांखालचं असेल तर ‘कोपा’ कायद्याने वेबसाइटना त्याची माहिती घ्यायला पालकांची परवानगी लागते. शैक्षणिक कामापुरती ही परवानगी शाळा आपल्या वतीने देऊ शकते, म्हणून वर्गात कोणती ॲप्स वापरतात त्याची यादी मागा. आता एआयचे नियमही आलेत. चॅटजीपीटी १३ वर्षांखालच्यांसाठी नाहीच, आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी लागते. गृहपाठात किती मदत चालते ते प्रत्येक बाईंचं वेगळं असतं, तेव्हा मुलालाच विचारायला पाठवा.

शेवटी ग्रुप चॅट. न्यू जर्सीत २०११ पासून छळाविरुद्धचा कडक कायदा आहे; शाळेत अशा छळाला एचआयबी (हॅरॅसमेंट, इंटिमिडेशन, बुलिंग) म्हणतात. घरून, स्वतःच्या फोनवरून पाठवलेल्या मेसेजमुळे शाळेतलं वातावरण बिघडलं तरी हा कायदा लागू होऊ शकतो. आपल्या मुलाच्या डब्यावरून, नावावरून किंवा उच्चारावरून कुणी सतत चिडवत असेल, तर स्क्रीनशॉट काढून मुख्याध्यापकांना लेखी कळवा. चौकशी शाळेच्या १० दिवसांत पूर्ण करायची असते. ‘जाऊ दे, आपण नवीन आहोत’ असं म्हणत वर्षभर सोसणारी मुलं मी पाहिली आहेत, त्यांच्या आयांसोबत त्या ऑफिसात बसलेही आहे. तेव्हा हे मनापासून सांगते, कळवा.

आणि १८ वा वाढदिवस

मूल १८ चं झालं, किंवा त्याआधी कॉलेजात गेलं, की फर्पाचे सगळे हक्क आपल्याकडून त्याच्याकडे जातात. फी आपण भरत असलो तरी कॉलेज फोनवर नम्रपणे ‘तुमच्या मुलीला विचारा’ म्हणतं. कॉलेजच्या पोर्टलवर पालकांना रेकॉर्ड बघू देण्याचा संमतीचा फॉर्म असतो आणि सही मुलाचीच लागते. ओरिएंटेशनला जाल तेव्हा वसतिगृहाची किल्ली मिळण्याआधी, लेकीशी शांतपणे बोलून तो फॉर्म भरून घ्या.